झुरिक, जिनिव्हा, बर्न की बाझल? राहायला माझं मत बाझललाच

स्वित्झर्लंडमध्ये जॉबची ऑफर आली की पहिला प्रश्न पगाराचा आणि लगेच दुसरा शहराचा, झुरिक घेऊ की बाझल, जिनिव्हा कसं आहे, बर्न फारच शांत आहे का. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा रँकिंग आधीच वाचलेलं असतं. रँकिंग चुकीचं नाही, मर्सर ह्या सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या यादीत झुरिक पहिलं आणि जिनिव्हा तिसरं होतं, पण ती यादी मुळात कंपन्यांच्या कामाची, परदेशात पाठवलेल्या माणसाला किती भत्ता द्यायचा ते ठरवायला. त्यात सुरक्षितता, हॉस्पिटलं, ट्राम, हवा असलं सगळं मोजतात आणि ह्या बाबतीत इथली सगळीच मोठी शहरं इतकी चांगली आहेत की त्यावरून निवड होतच नाही. नळाचं पाणी सगळीकडे गोड, मुलं सगळीकडे आपापली चालत शाळेत जातात, रविवारी दुकानं सगळीकडे बंद, उघडी असतात ती मुख्यतः स्टेशनातली आणि एअरपोर्टवरची. फरक पडतो तो घर मिळतं का, मुलांची शाळा कशी, भाषा कुठली आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर काय करता येतं ह्यात. आम्ही आधी झुरिकमध्ये राहिलो, मला फार्मा कंपनीत काम मिळालं म्हणून बाझलला आलो, बाकीच्या शहरांत मित्रमंडळी आहेत, त्यामुळे जाणंयेणं चालू असतं. त्यावरून लिहितेय.

झुरिक सुंदर आहे ह्यात वादच नाही, आणि आयटी किंवा बँकिंगमधल्या माणसाला तर तिथेच राहावंसं वाटणार. ईटीएच हे तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, गूगलचं मोठं ऑफिस आहे, बँका, इन्शुरन्स, छोट्या कंपन्या, एक नोकरी गेली तर शहर न बदलता दुसरी शोधता येते आणि परमिटवर असलेल्या माणसाला हे फार मोठं सुख आहे. मुंबईची थेट फ्लाइट तिथूनच, एअरपोर्ट मेन स्टेशनपासून ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर. उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की लोक सरळ लेकमध्ये नाहीतर लिमात नदीत उतरतात, ओबरर लेटन ह्या नदीकाठच्या पोहायच्या जागी तर प्रवेशही फुकट. शहरभर बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि जवळपास सगळ्यांचं पाणी पिता येतं, बाटली भरायची आणि पुढे जायचं.

पण घर. झुरिकबद्दल जे काही बोलायचं ते शेवटी घरावर येऊन थांबतं. २०२४ च्या जूनच्या मोजणीत शहरातली फक्त ०.०७ टक्के घरं रिकामी होती, म्हणजे दहा हजार घरांत सात. घर बघायला अर्धा तास दिलेला असतो आणि त्या अर्ध्या तासासाठी जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पगाराच्या स्लिपा, परमिटची कॉपी, अर्ज आणि थकबाकी नसल्याचा वसुली कार्यालयाचा दाखला. आत जाऊन किचन बघायचं, बाल्कनी बघायची, हसून नमस्कार करायचा आणि बाहेर पडल्या पडल्या ट्राममध्ये बसून अर्ज पाठवायचा, कारण संध्याकाळी पाठवला तर उशीर झालेला असू शकतो. नवीन आलेल्या माणसाकडे इथल्या आधीच्या घरमालकाचा रेफरन्स नसतो, तिथे तो मागे पडतो. वर तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट, ते तुमच्याच नावाच्या बँक खात्यात पण लॉक करून. सहकारी गृहसंस्थांची घरं स्वस्त आणि फार छान असतात, काल्कब्राइटेसारखी, ती तर ट्राम डेपोच्या डोक्यावर बांधलीय, पण त्यांची वेटिंग लिस्ट लांब असते. २०११ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलंय की २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरं नफा न कमावणाऱ्या संस्थांची असावीत, हेतू उत्तम आहे, पण आज घर शोधणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

शाळकरी मुलं असतील तर अजून एक गोष्ट, झुरिक कँटनमध्ये (कँटन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखं) सहावीनंतर लांब मुदतीच्या गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला जायचं तर प्रवेश परीक्षा असते. बारा वर्षांचं पोर, घरात जर्मन नाही, आणि परीक्षा जर्मन आणि गणिताची. आजूबाजूची मुलं तयारीच्या क्लासला जातात, घराघरात टेन्शन असतं. बाझलमध्ये माध्यमिक शाळेत मुलं मार्कांवर वेगवेगळ्या पातळीच्या वर्गांत जातात आणि गिम्नाझियमचा प्रश्न त्यानंतर येतो, म्हणजे उशिरा आलेल्या मुलाला भाषा पकडायला मधली तीन वर्षं मिळतात. मला हा फरक भाड्याच्या फरकाहून मोठा वाटतो, आणि ऑफर तोलताना हे कोणी विचारतच नाही.

आता बाझल. पर्यटक इथे फारसे येत नाहीत कारण खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत नाहीत, आणि राहणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडतं. शहर लहान आहे, सगळं ट्रामने किंवा सायकलवर वीस मिनिटांत. ८ नंबरची ट्राम जर्मनीत वाइल आम ऱ्हाइनला जाते, ३ नंबरची फ्रान्समध्ये सँ लुईला, एअरपोर्ट तर फ्रान्सच्याच जमिनीवर आहे. शनिवारी सकाळी निम्मं शहर जर्मनीत किराणा आणायला निघतं, फक्त एक लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२५ पासून माणशी दिवसाला ३०० ऐवजी १५० फ्रँकपर्यंतचाच माल व्हॅट न भरता आणता येतो आणि मांस माणशी एक किलो. चौघांचं कुटुंब असेल तर तरीही परवडतं.

आणि ऱ्हाइन. ह्याच्यावर मी कितीही बोलू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वीस अंशांच्या वर गेलं की लोक घरून निघतानाच माशाच्या आकाराची रंगीत वॉटरप्रूफ पिशवी काखेत मारून निघतात. टिंग्वेली म्युझियमजवळ काठावर कपडे, चपला, किल्ल्या, मोबाइल सगळं त्या पिशवीत कोंबायचं, तोंड घट्ट गुंडाळून क्लिप लावायची, पिशवीत थोडी हवा राहू द्यायची म्हणजे ती तरंगते, आणि क्लाइनबाझल ह्या शहरभागाच्या काठाकाठाने पाण्यात उतरायचं. हातपाय मारायची फारशी गरजच नाही, प्रवाह नेतो. समोर लाल दगडाचं म्युन्स्टर हे जुनं मोठं चर्च हळूहळू पुढे सरकतं, दोरीला बांधलेली बिनइंजिनची होडी नुसत्या प्रवाहावर नदी ओलांडत असते, शेजारून ऑफिसमधलाच कोणीतरी "उद्या मीटिंग आहे ना" म्हणत वाहत जातो. खाली कुठेतरी पायऱ्या बघून बाहेर यायचं, कपडे चढवायचे आणि घरी. एक पैसा खर्च नाही, आणि हे सुट्टीतलं नाही, मंगळवारी संध्याकाळचं आहे. पण पोहता नीट येत असेल तरच, ती पिशवी जीव वाचवायचं साधन नाही, पुलाच्या खांबांपासून आणि बोटींच्या मार्गापासून लांब राहायचं, आणि नवीन माणसाने पहिल्यांदा माहितगाराबरोबरच जावं.

ह्या शहराबद्दल मला आदर वाटतो तो अजून एका गोष्टीमुळे. १९६७ मध्ये इथल्या म्युझियममध्ये टांगलेली पिकासोची दोन चित्रं मालक विकणार होते, तेव्हा बाझलच्या नागरिकांनी मतदान करून साठ लाख फ्रँक सरकारी तिजोरीतून द्यायला होकार दिला आणि उरलेले वर्गणी काढून जमवले. चित्रं शहरातच राहिली. टॅक्स भरणाऱ्यांनी चित्रांसाठी मत दिलं! अशा गावात मूल वाढावं असं मला मनापासून वाटतं.

वाईट बाजूही सांगते. फार्मा सोडून बाकी जॉब कमी, रोश आणि नोव्हार्टिसभोवती सगळं फिरतं, जोडीदार आयटीत असेल तर त्याला रोज तासभर ट्रेनने झुरिक गाठावं लागू शकतं. मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता बाझल शहर कँटनमध्ये देशातल्या महागड्यांपैकी, आणि तो तीन महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो, कंपनी देत नाही. तब्येत ठणठणीत असेल तर फ्रांशीज (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) २५०० ची घ्या, नेहमी डॉक्टरकडे जावं लागत असेल तर ३०० ची, मधले पर्याय बऱ्याचदा तोट्याचे पडतात. उन्हाळा कडक असतो आणि घरात एसी नसतो. पण हिवाळ्यात झुरिक-बर्नवर दिवसेंदिवस राखाडी धुक्याचं झाकण बसतं ते इथे बरंच कमी, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मनावर ह्याचा केवढा परिणाम होतो ते एक हिवाळा काढल्यावर कळतं. घर शोधायला इथेही कष्ट पडतात, पण झुरिकसारखी दमछाक होत नाही. पाचपैकी साडेचार देते.

बर्न मला दुसऱ्या नंबरला आवडतं. जुनं शहर युनेस्कोच्या यादीत १९८३ पासून आहे, सहा किलोमीटर कमानींखालून पाऊस न लागता फिरता येतं, आणि आरे नदी ऱ्हाइनपेक्षा थंड आणि वेगवान पण हिरवीगार, मार्त्सिलीला फुकट पोहता येतं आणि बाहेर यायला काठावर लाल कठडे लावलेत, ते पकडायचेच, चुकला तर पुढचा. ऑयरोपाप्लात्सला २०१४ मध्ये सुरू झालेलं सर्वधर्मीयांचं घर आहे, त्यात हिंदू मंदिरही आहे, सणाला तिथे खूप छान वाटतं. भारताची एम्बसी बर्नलाच. लोक निवांत, बोलणं निवांत. अडचण नोकरीची, संघराज्याचं सरकार, पोस्ट, रेल्वे ह्यांचं हे गाव, जर्मन आलंच पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी फ्रेंचही. टॅक्सही जास्त. पण बर्नहून झुरिक आणि बाझल दोन्ही साधारण तासाभराच्या ट्रेनवर, त्यामुळे एक बर्न बाहेर आणि एक बर्नमध्ये असं जोडपं असेल तर विचार जरूर करा.

जिनिव्हा फक्त यूएन, डब्ल्यूएचओ, सर्न ही अणुसंशोधन संस्था नाहीतर तसल्याच संस्थेत काम असेल तर. तिथे इंग्लिशवर वर्षानुवर्षं निघतात. लेकमधल्या पाकीच्या धक्क्यावर हिवाळ्यात सॉना आणि गरम फाँड्यू, ते एकदा तरी करावंच. पण घरं महाग, इन्शुरन्स महाग, लाखाच्या वर लोक रोज फ्रान्समधून कामाला येतात ह्यातच काय ते आलं. आणि लोक सारखे बदली होऊन जातात, मुलांचे मित्र दर दोन-तीन वर्षांनी निघून जातात. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला ह्याचा फार त्रास झाला. फ्रेंच भागातच राहायचं असेल तर मी लोझान म्हणेन, चढउतार भयंकर पण २००८ पासून बिनड्रायव्हरची मेट्रो लेकपासून पार वरपर्यंत नेते, बाबागाडीवाल्यांना वरदान आहे. ईपीएफएल हे तंत्रज्ञान विद्यापीठ असल्यामुळे शहर तरुण आहे आणि लावोचे द्राक्षमळे शेजारीच.

विंटरथूरला लोक झुरिकचं उपनगर समजतात, ते तसं नाही. सव्वा लाखाच्या आसपास वस्ती, सायकलला सोयीचं, म्युझियम चांगली, मुलांसाठी टेक्नोरामा हे विज्ञान केंद्र, आणि झुरिक मेन स्टेशन वीस-पंचवीस मिनिटं. जॉब झुरिकचा असेल आणि कुटुंब असेल तर पहिलं घर इथेच बघा, कँटन तोच असल्यामुळे परमिटचीही कटकट नाही. त्सुग टॅक्ससाठी प्रसिद्ध आहे, पण टॅक्सचे वाचलेले पैसे भाड्यात जातात, फार मोठा पगार असल्याशिवाय फायदा दिसत नाही. लुगानोला ऊन आहे, इटालियन आहे, पगार कमी आहे.

शेवटची पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कँटनची. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या माणसाचं बी परमिट, म्हणजे राहण्याचा मुदतीचा परवाना, कँटनला बांधलेलं असतं, दुसऱ्या कँटनमध्ये राहायला जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. सी परमिट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, साधारण दहा वर्षांनी, भाषा चांगली असेल तर पाच वर्षांनी मागता येतं, पण ती भाषा तुम्ही राहता तिथली हवी, लोझानमध्ये शिकलेलं फ्रेंच बाझलमध्ये चालणार नाही. नागरिकत्वाला देशात दहा वर्षं लागतात आणि त्याशिवाय त्याच कँटनमध्ये दोन ते पाच, कँटनप्रमाणे. म्हणजे आठव्या वर्षी हौसेने जिनिव्हाहून बाझलला गेलात तर कँटनची मोजणी पहिल्यापासून सुरू. मुलांची आठ ते अठरा ह्या वयातली वर्षं दुप्पट धरतात, त्यामुळे त्यांचं गणित आणखी वेगळं. शहर बदलायचंच असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत बदला, मुलं किंडरगार्टनमध्ये असताना, आणि ऑफरवर सही करायच्या आधी एचआरला कँटन बदलायची परवानगी कोण काढून देणार ते लेखी विचारून घ्या.