2 हॉर्सपॉवरचा डस्ट कलेक्टर आणि उद्यमनगरातून करून घेतलेली बाहेरची नळी: वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापुरात कळंब्याकडच्या आमच्या घरामागे 12 बाय 14 फुटांची एक खोली मी हौशी सुतारकामासाठी राखून ठेवली आहे. टेबल सॉ, फळ्या एकसारख्या जाडीच्या तासणारा छोटा थिकनेसर आणि सँडर एवढीच तिथली यंत्रे. गेल्या दिवाळीनंतर 32 हजार रुपयांना 2 हॉर्सपॉवरचा, सिंगल फेजवर चालणारा डस्ट कलेक्टर, म्हणजे यंत्रांचा भुसा आणि धूळ ओढून घेणारा पंखा, घेतला आणि जानेवारीत त्याच्या पिशव्या काढून हवा थेट घराबाहेर सोडण्याची व्यवस्था उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून करून घेतली. या लेखात यंत्राचा आणि त्या कामाचा असा दोहोंचा अनुभव मांडतो, कारण माझ्या मते एकाशिवाय दुसऱ्याला फारसा अर्थ नाही.

यंत्राबद्दल आधी. मोटर दमदार आहे, पंख्याचे बॅलन्सिंग चांगले आहे आणि पत्र्याला थरथर नाही. सोबत आलेली वरची कापडी पिशवी मात्र 30 मायक्रॉनची होती, म्हणजे रंध्याच्या ढलप्या आणि जाड भुसा तेवढा आत राहायचा आणि फुफ्फुसात खोलवर जाणारी, 10 मायक्रॉनहून बारीक धूळ कापडातून निसटून पुन्हा खोलीतच पसरायची. फणसाच्या फळ्या तासल्या त्या दिवशी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती पिवळी धूळ अर्धा तास तरंगताना दिसली, तेव्हा हे यंत्र खोली झाडून हवा मळवत आहे हे ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि नाक व नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हे त्यामागचे मुख्य कारण आहे. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ स्वच्छतेचा राहत नाही.

पिशवीच्या जागी बारीक गाळणीचे नळकांडे (कार्ट्रिज फिल्टर) घेणे हा एक मार्ग होता, पण ते महाग असते आणि वरचेवर झटकावे लागते. थंड मुलखात हवा बाहेर फेकायला लोक कचरतात, कारण तिच्याबरोबर पैसे मोजून तापवलेली ऊबही निघून जाते. कोल्हापुरात खोली तापवायची कोणाला असते? उलट मार्च-एप्रिलमध्ये आतली कोंदट हवा निघून गेली तर बरेच वाटते. म्हणून बाहेरची नळी.

वर्कशॉपवाल्यांनी जागेवर येऊन मापे घेतली आणि पहिल्याच भेटीत माझा 4 इंची नळीचा बेत मोडीत काढला, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. भुसा नळीत साचू नये म्हणून हवेला मिनिटाला साधारण 4,000 फुटांचा वेग लागतो; 4 इंची नळीतून त्या वेगाने मिनिटाला जेमतेम 350 घनफूट हवा जाते, तर 6 इंची नळीतून 785 च्या आसपास. मुख्य लाइन 6 इंची गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, काटकोनी बेंडऐवजी लांब वळणाचे बेंड, प्रत्येक यंत्राजवळ सरकती झडप आणि सांध्यांना सिलिकॉन, असे काम त्यांनी दोन दिवसांत नीटनेटके केले.

मात्र खोलीत तेवढीच हवा परत यायला वाट हवी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही. हिशेब सोपा आहे: 9 फूट उंचीच्या माझ्या खोलीत सुमारे 1,500 घनफूट हवा मावते, म्हणजे दोन मिनिटांच्या आत सगळी खोली रिकामी होऊन पुन्हा भरली पाहिजे. आमच्याकडे मागच्या पडवीत अजूनही अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटतो. थंडीच्या एका सकाळी खिडकी बंद ठेवून मी यंत्र सुरू केले आणि काही क्षणांत बंबाचा धूर दाराच्या फटीतून ओढला जाऊन खोलीत शिरला. बंबाचा धूर निदान दिसतो, नाकाला झोंबतो. बंबाच्या जागी गॅस गिझर असता तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असाच आत आला असता आणि त्याला ना रंग, ना वास. ज्यांच्या कामाच्या खोलीला लागून गिझरचे न्हाणीघर आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आता पडवीच्या विरुद्ध बाजूची, दोन चौरस फुटांहून मोठी खिडकी उघडल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

दुसरी अडचण मोटरची. पिशव्या निघाल्यावर अडथळा कमी झाला, हवा वाढली आणि मोटरचा करंट 8.9 वरून 10.7 अँपिअरवर गेला, नेमप्लेटवर कमाल 10.5 लिहिलेले आहे. नळी तुंबली की मोटरवर ताण येतो असा आपला समज असतो, पण या पंख्यांचे उलटे आहे: जितकी जास्त हवा फेकतील तितकी जास्त वीज ओढतील. वीस मिनिटांत मोटर हात लावता येणार नाही इतकी तापायची.

त्यावरचा उपाय अनपेक्षित बाजूने आला. एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि मी सागवान कापत होतो. दुपारी त्या ताट घेऊनच दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे बघा, आमच्या कुरडयांना तुमचा मसाला लागलाय.’’ दोष सर्वस्वी माझा होता. हवा बाहेर सोडणे म्हणजे भुसा बाहेर सोडणे नव्हे, आणि पंख्याच्या आधी सायक्लोन, म्हणजे भुसा वेगळा काढणारे शंकूच्या आकाराचे भांडे, बसवायला मी खर्चासाठी टाळाटाळ केली होती. मे महिन्यात तोही बसला. हवा शंकूत गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत खालच्या पिंपात पडतो आणि अगदी बारीक धूळ तेवढी पुढे जाते. सायक्लोनच्या अडथळ्यामुळे करंट 9.2 वर उतरला, आणि लाकडातला चुकार खिळा थेट पंख्यावर आदळून ठिणगी पडण्याची धास्तीही बरीच कमी झाली. बाहेरची नळी त्याच वेळी गच्चीच्या कठड्याहून 3 फूट वर नेली. काकूंच्या वाळवणावर त्यानंतर काही पडलेले नाही. मी वाळवणाच्या दिवशी विचारून काम करतो, हेही त्याचे एक कारण असेल.

तक्रार आहे ती नळीच्या तोंडावरच्या टोपीची. नेहमीची शंकूच्या आकाराची टोपी वर्कशॉपवाल्यांनी लावून दिली, जी वर जाणारी हवा खाली दाबते आणि पश्चिमेकडून येणारी आपली जुलैची झड अडवत मात्र नाही. पहिल्याच आठवड्यात पाणी नळीतून उतरून पंख्याच्या घरापर्यंत आले. टोपी काढून तिथे नळीहून रुंद असा उघडा पत्र्याचा गळा बसवून घेतला: तिरपा पाऊस त्याच्या आतल्या भिंतीवर आपटून दोन नळ्यांमधल्या फटीतून बाहेर ओघळतो आणि हवा सरळ वर जाते. खालच्या बेंडला एक बारीक भोकही पाडले. हा बदल त्यांनी केला, पण त्याचे वेगळे 1,800 रुपये घेतले, हे मला पटले नाही. सायक्लोनसह एकूण काम 21 हजारांना पडले.

आवाज उरतोच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पिशव्या गेल्यामुळे पंख्याची घरघर नळीतून थेट वर जाते, म्हणून संध्याकाळी सातनंतर यंत्र बंद. यंत्राला पाचपैकी तीन, कारण कंपनीने त्या पिशवीला गाळणी म्हणू नये, वर्कशॉपला चार. सँडरची बारीक नळी अजून या लाइनला नीट जुळत नाही, तेवढ्यापुरता मास्क लावूनच काम करतो.