ट्रकने बोट नेताय? ओडीसी (मापाबाहेरच्या मालाच्या) परमिटच्या नावाखाली लुटतात, सावध रहा

गोव्यातून कॅटामरान बाय रोड नेणार असाल तर हे वाचाच. आमची दोन हलची (म्हणजे दोन धडांची) शिडाची बोट ब्रिटोन्याहून मांडव्याला न्यायची होती, पावसाळा तोंडावर, समुद्र चढायला लागलेला म्हणून ट्रक ठरवला. ऑनलाइन एक एजंट भेटला, बोटीची रुंदी ऐकल्याबरोबर म्हणाला "साहेब हे ओडीसी, परमिट लागणार, पुढे एस्कॉर्ट गाडी लागणार", आणि जवळजवळ भाड्याइतकेच पैसे वेगळे आगाऊ घेतले. सहीशिक्क्याची पीडीएफ पण पाठवली.

आता खरं काय ते ऐका. रस्त्यावर रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे ओव्हर डायमेन्शन. बोट जोडलेली असताना ४ मीटरच्या वर जाते, पण तशी नेतं कोण? मास्ट (डोलकाठी), रडर (सुकाणू), ट्रॅम्पोलिन (दोन हलमधली जाळी) काढायचं, मधले अ‍ॅल्युमिनियमचे बीम बोल्ट काढून सोडवायचे, मग दोन अरुंद हल शेजारी शेजारी क्रेडलमध्ये (आधाराच्या सांगाड्यात) ठेवले की आरामात २.६ च्या आत. ही सुट्या भागांची मापं आम्ही त्याला लिहून दिली होती, तरी परमिट जोडलेल्या मापावरच निघतं असं ठासून सांगत राहिला. साफ खोटं!

ट्रक आला तोही साधा, ठरला होता लो-बेड (खालच्या प्लॅटफॉर्मचा). पीडीएफवर नंबर भलत्याच गाडीचा. बांदा ओलांडल्यावर एजंटचा फोन, आरटीओने धरलंय, अजून पैसे टाका नाहीतर बोट इथेच उतरवतो. ड्रायव्हरला फोन लावला तर तो बिचारा म्हणतो कोणी अडवलं नाही, एजंटनेच ढाब्यावर थांबायला सांगितलंय, आणि त्याच्या मालकाला अर्धंच भाडं मिळालेलं. बाकीचं आम्ही थेट मालकाला दिलं तेव्हा गाडी हलली.

बोट उतरवली तर एका हलचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) तडकलेला. बेल्ट नेहमी आत बल्कहेड (आडवी भिंत) असेल तिथूनच घ्यावा, खाली जाड कार्पेट घालून, मध्येच पोकळ जागी आवळला की हल दबतो आणि खड्ड्याखड्ड्याला घासतो.

पैसे देण्याआधी बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) कोणाच्या नावाची ते बघा. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ प्रमाणे ट्रान्सपोर्टर रजिस्टर्ड लागतो आणि माल घेतल्याची पावती द्यावीच लागते. बोटीची किंमत कागदावर लिहून घ्या. नुकसानीची नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यायची असते, आम्ही बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्टरला दिलीय. एजंटचं नाव एकाही कागदावर नाही, त्याच्यासाठी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर तक्रार केलीय, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ जोडून.