खारं वारं आणि गंजलेले बोल्ट: ऑफ-ग्रिड सोलरचे नऊ महिने

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, तेव्हापासून डोक्यात होतं. अखेर गेल्या नोव्हेंबरात देवगडजवळच्या आमच्या विद्यापीठ केंद्राच्या गच्चीवर ऑफ-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजजोडणीवर न चालणारं, सोलर बसलं. 540 वॅटची दहा पॅनेलं, पाच-पाचच्या दोन ओळी, 12 व्होल्ट, 200 एएचच्या (अँपिअर-तास) चार ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अॅसिड प्रकारच्या बॅटऱ्या. खर्च सव्वाचार लाख.

हिशोब मी स्वतः केला होता, आणि तो जुलै धरून केला. मे महिन्यात वीसच्या वर युनिट मिळतात, पण आषाढात आभाळ भरून आलं की सात-आठच. बॅटरी 9.6 युनिटची असली तरी लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी 4.8. रात्रीचा फ्रीज, दिवे, इंटरनेट मिळून तीन-सव्वातीन. बसायला हवं होतं.

तरी जुलैत एका रात्री साडेआठलाच इन्व्हर्टर ओरडायला लागला. फ्रीजमध्ये विद्यार्थ्यांनी वर्षभर जमवलेले पाण्याचे नमुने. मी बॅटऱ्यांना दोष दिला, लिथियम न घेतल्याचा पस्तावाही केला. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, "पाऊस आहे ना सर, होणारच."

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडीप मिळताच क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजायचं यंत्र) घेऊन वर गेलो. एका ओळीत करंट शून्य, म्हणजे निम्मी वीज गायब. कडेचं पॅनेल धरून ठेवणारा क्लॅम्प सुटलेला, पॅनेल वाऱ्याने खाली सरकलेलं, त्याने केबल ओढली गेलेली आणि कनेक्टर अर्धवट उघडा. आत तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा थर. बोल्ट हातात घेतला तर पापुद्रे सुटले. आठ महिन्यांत! साधा झिंकचा मुलामा होता. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे, इथे खाऱ्या हवेत टिकणारं 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच लागतं. सगळ्या बोल्टांचा फरक साडेसहा हजार रुपये. सव्वाचार लाखांच्या कामात एवढ्यासाठी कुणी कसर करतं? मला अजून राग येतो.

बॅटऱ्यांबद्दलचं माझं मत मात्र चुकलं होतं. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घातलं की त्या चोख चालतात. पॅनेलंही उत्तम. पावसाआधी एकदा गोड्या पाण्याने धुतली की मिठाची साय निघते.

पॅनेलला वॉरंटी 25 वर्षांची, बोल्टला काहीच नाही. बोल्ट बदलायचे पैसे ठेकेदाराने दिले नाहीत, केंद्राच्या किरकोळ खर्चातून काढले. शेजारच्या वसतिगृहासाठी काल नवं कोटेशन आलं. त्यात बोल्ट कुठले ते लिहिलेलंच नव्हतं. परत पाठवलं.