घरच्या आइस्क्रीममध्ये कशाऐवजी काय चालेल?

क्रीम मिळालं नाही, साखर कमी करायची आहे किंवा घरात अंडं चालत नाही. यातली एखादी अडचण असली की पहिला प्रश्न येतो तो चवीचा. पण फ्रीझरमध्ये चव फारशी दगा देत नाही, पोत देतो. म्हणून जो जिन्नस काढताय तो तिथे काय करत होता, ते आधी बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत साखरेची होते. साखर गोडी तर देतेच, शिवाय मिश्रणातलं सगळं पाणी गोठू देत नाही. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. तिथेही आइस्क्रीममध्ये चमचा जातो, तो या न गोठलेल्या पाण्यामुळे. मी एकदा साखर पूर्ण काढून स्टीव्हियाचे, म्हणजे एका वनस्पतीपासून काढलेल्या गोडव्याचे, थेंब घातले. दुसऱ्या दिवशी डब्यात वीट तयार होती. चमचा वाकला, वीट हलली नाही. मग चिडून साखरेइतकाच मध घातला, तर गोळा वाटीत पडेपर्यंत ओघळायला लागला. मधात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. त्यांचे रेणू साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचे, म्हणजे तेवढ्याच वजनात संख्येने दुप्पट, आणि गोठण थांबते ती रेणूंच्या संख्येवर. त्यामुळे मध हवाच असेल तर साखरेचा पाव हिस्सा काढून तेवढाच घाला. एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायची दाणेदार गोड पावडर, या बाबतीत स्टीव्हियापेक्षा बरं, पण थंडीत त्याचे खडे धरतात आणि दाताखाली कचकच लागते. साखर थोडीच कमी करायची असेल तर मी सरळ थोडी कमी करते आणि डबा खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवते.

क्रीमचा निर्णय त्या मानाने सोपा. मशीनमध्ये न घोटता, क्रीम फेटून करायचं आइस्क्रीम असेल तर ३५ टक्के फॅटचं क्रीमच लागतं. २५ टक्क्यांचं कितीही फेटा, हवा धरत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम झकास फुगतं, पण ते बहुधा आधीच गोड असतं आणि मागे टाळूला तुपकट थर राहतो. सोबत कंडेन्स्ड मिल्क घालणार असाल तर तेही गोडच, सुमारे ४५ टक्के साखर. तेव्हा वेगळी साखर घालू नका.

दूधच नको असेल तर नारळाचं घट्ट दूध. त्याचं फॅट थंडीत कडक होतं, म्हणून ते नुसतं गोठवलं तर खाताना भुसभुशीत लागतं. गरम करून, कॉर्नफ्लोअर लावून, मशीनमध्ये घोटलं तर छान जमतं. नारळाची चव मात्र लपत नाही. चॉकलेटमध्ये खपते, व्हॅनिलात नाही. बदामाचं दूध पातळ, जवळजवळ पाणीच. एकट्याने त्याचा बर्फ होतो.

अंड्याच्या बलकाऐवजी कॉर्नफ्लोअर हा बदल मी डोळे मिटून करते. अर्धा लिटर दुधाला एक मोठा चमचा पुरतो. फक्त पद्धत उलटी आहे: बलक घातलेलं मिश्रण उकळू द्यायचं नाही, साधारण ८५ अंशांच्या वर ते फाटतं, कॉर्नफ्लोअरचं मात्र बुडबुडे येऊन मिनिटभर उकळलंच पाहिजे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. बलकाचा मऊ, भरीव घास त्यात येत नाही, हे खरं. पण बर्फाचे कण मोठे होऊ न देण्याचं काम ते चोख करतं.

दुधाची पावडर घालून घट्टपणा आणायचा असेल तर हात आखडता ठेवा. जास्त झाली की त्यातली दुधाची साखर वेगळी होते आणि आइस्क्रीम वाळू मिसळल्यासारखं लागतं.

एकदम दोन जिन्नस बदलायची वेळ आली तर मी आधी वाटीभरच करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते.