थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, पुण्यात शिकायची तर यूबीएस की ज्ञान दीप?

दोन्ही पुण्यातच, पण वळण वेगळं. बिबवेवाडीची यूबीएस म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी (सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था) १९५३ ला यवतमाळला सुरू झाली, १९८३ ला इकडे आली, प्रोटेस्टंट, वेगवेगळ्या चर्चची मुलं एकत्र, बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ही डिग्री बंगालमधल्या सेरामपूर विद्यापीठाची. नगर रोडचं ज्ञान दीप कॅथलिक, जेझुइट या धर्मसंघाचं, मूळ १८९३ च्या श्रीलंकेतल्या कँडीच्या सेमिनरीत, पुण्यात १९५५ पासून.

खरा फरक अभ्यासात. ज्ञान दीपला फादर व्हायला निघालेला मुलगा आधी फिलॉसॉफी शिकतो मग थिऑलॉजी, म्हणजे बायबलपर्यंत तो प्रश्न घेऊनच पोचतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. यूबीएसला बायबलच मध्यभागी, हिब्रू-ग्रीक, हा उतारा कुणी कुणासाठी लिहिला ते खणत बसायचं. आणि हो, बायबलातली पुस्तकंही सारखी नाहीत, कॅथलिकांची ७३, प्रोटेस्टंटांची ६६.

राहणीत म्हणाल तर यूबीएसला लग्न झालेले विद्यार्थीही असतात, ज्ञान दीपचे बरेच ब्रदर, म्हणजे फादर व्हायला शिकणारे, आपापल्या धर्मसंघाच्या घरात राहतात, रोजची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, ठरलेली, पण सिस्टर आणि प्रापंचिकही तिथे शिकू शकतात.

पास्टर, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, व्हायचंय तर यूबीएसच. श्रद्धेला प्रश्न विचारायची ओढ असेल तर मी ज्ञान दीप म्हणेन, प्रापंचिक असलात तरी.