रक्कम बरोबर, गाडी एक पायरी खाली

22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत (डिझेल असेल तर 1500) असलेल्या गाड्यांना हा दर लागू झाला. आधी 28 टक्के आणि वर सेस होता. दहा दिवसांवर दसरा. शोरूममध्ये जत्रा भरली होती आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर चावी हातात पडली म्हणजे झालं, एवढीच प्रत्येकाची घाई होती. त्या गर्दीत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गिऱ्हाइकाला मधल्या व्हेरिएंटच्या पैशात खालचा व्हेरिएंट मिळाला. त्यात खोटी सही नाही, खोटा कागद नाही. म्हणून तो व्यवहार नीट उलगडून बघण्यासारखा आहे.

गिऱ्हाईक बेसावध नव्हतं. घरी बसून कंपनीच्या वेबसाइटवर किंमत पाहिली होती. पाच व्हेरिएंटपैकी तिसरा हवा होता, एक्स-शोरूम 8,20,000. हिशोबही कागदावर मांडला होता: 11 टक्के रोड टॅक्स 90,200, विमा 38,000, नोंदणी-फास्टॅग-बोजा वगैरे 4,800. ऑन-रोड 9,53,000. शोरूमच्या माणसाने साध्या कागदावर लिहून दिलं, "मिड, ऑन-रोड 9,53,000, फुल अँड फायनल." आकडा जुळला. तिथेच बयाणा दिला.

सगळी मेख "मिड" या शब्दात होती. पाचांतला दुसरा मधला, तिसराही मधला, चौथ्यालासुद्धा कुणी मधला म्हणेल. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये सिग्मा, डेल्टा, डेल्टा प्लस, झेटा, अल्फा अशी उतरंड आहे. यातला "मिड" कुठला ते बोटाने दाखवा बघू. महिंद्राच्या थ्रीएक्सओमध्ये तर एमएक्स, एएक्स अशा वेगवेगळ्या ओळी, त्यात पुन्हा प्रो आणि एल. मिड, सेमी-टॉप, फुल लोडेड हे शब्द कंपनीच्या किंमतपत्रकात सहसा नसतात. ते सेल्समनच्या तोंडी असतात.

बँकेला गेलेल्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसमध्ये (कर्जासाठीच्या आगाऊ बिलात) काय होतं ते गिऱ्हाइकाने महिनाभराने वाचलं. दुसऱ्या व्हेरिएंटचं पूर्ण नाव, एक्स-शोरूम 7,30,000. टॅक्स 80,300, विमा 34,500, नोंदणी वगैरे 4,800. बेरीज 8,49,600. राहिले 1,03,400. ते असे भरले होते: ॲक्सेसरी पॅकेज 65,000, हँडलिंग 12,000, वाढीव वॉरंटी 14,400 आणि "इसेन्शियल किट" 12,000. या किटमध्ये पायाखालचे मॅट, मडफ्लॅप, गाडीचं कव्हर, एक परफ्यूमची बाटली आणि गणपतीची छोटी मूर्ती. एकूण पुन्हा 9,53,000. गिऱ्हाइकाने शेवटची ओळ पाहिली, ती घरच्या हिशोबाशी रुपयाला रुपया जुळली आणि सही झाली. हँडलिंग या नावाखाली पैसे देण्याचं काहीच कारण नाही, कारण कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो.

हा 1,03,400 रुपयांचा भाग कर्जात गेला. 9 टक्क्यांनी सात वर्षं धरली तर त्याचा एकट्याचा हप्ता 1,660 च्या घरात आणि एकूण परतफेड सुमारे 1,40,000. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आरसीवरचा व्हेरिएंट बघून भाव करतो. पॅकेजमधल्या मॅगव्हील (मिश्रधातूची चाकं) आणि स्क्रीनचे तो फार तर चहापाणी देतो.

पैसे गेले ते एकवेळ सोडा. गाडीत काय आलं नाही ते बघा. तिसऱ्या व्हेरिएंटला सहा एअरबॅग होत्या, दुसऱ्याला दोन. बाजूच्या आणि खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग सीटमध्ये आणि छताच्या कडेला बसतात, त्यांचे सेन्सर आणि वायरिंग बॉडीतच असतं. जगात कुठलाही गॅरेजवाला त्या मागाहून बसवून देत नाही. ईएससीचं (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) तेच, कारण ते ब्रेकच्या हायड्रॉलिक युनिटचा भाग आहे. मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर काचेत छापलेल्या तारांचा असतो. मागच्या वायपरला काचेत भोक, मोटर, पाण्याची नळी आणि वायरिंग लागतं. ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करायची यंत्रणा सीटच्या सांगाड्यात असते. क्रूझ कंट्रोल, चाकांतल्या हवेचे सेन्सर, बटण स्टार्ट ही सगळी गाडीच्या कॉम्प्युटरशी बांधलेली. वरचा व्हेरिएंट घ्यायचा तो या वस्तूंसाठी. स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर, सीट कव्हर, मॅट, आर्मरेस्ट हे बाहेर मिळतं, प्लगने बसतं आणि बरेचदा स्वस्तही पडतं. व्हेरिएंटची तुलना करताना कागदावर दोनच रकाने पाडा: कारखान्यातच बसणारं आणि नंतर बसणारं. दोन व्हेरिएंटमधला फरक 90,000 असेल आणि त्यातलं 70,000 चं सामान नंतर बसणारं निघालं, तर खालचाच घ्या, उघड्या डोळ्यांनी. उलट असेल तर एक पैसाही ॲक्सेसरीत घालू नका.

"साहेब, रिव्हर्स सेन्सर आमच्याकडून फ्री," हेही त्या पॅकेजमध्ये होतं. 1 जुलै 2019 पासून नव्या प्रवासी गाडीत मागचे पार्किंग सेन्सर, ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटला बेल्टची सूचना आणि वेगाचा इशारा हे कायद्यानेच सक्तीचं आहे. बेस मॉडेललाही ते येतं. फुकट देणारा तो कोण?

आता बसवलेल्या सामानाकडे. पॅकेजमधली नऊ इंची स्क्रीन कपलरने न जोडता वायर कापून, टेप गुंडाळून जोडली होती. अशा जोडणीत स्क्रीन बऱ्याचदा पूर्ण झोपत नाही. उभ्या गाडीत 50 मिलिॲम्पिअरपर्यंत वीज जाणं चालतं. इथे 300 जात होते. म्हणजे दिवसाला 7.2 ॲम्पिअर-अवर. 35 ॲम्पिअर-अवरची बॅटरी अडीच-तीन दिवसांत निम्म्यावर येते आणि चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता टकटक करतो. तपासायची रीत सोपी: गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा, बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून मल्टिमीटर 10 ॲम्पिअरच्या रेंजवर मध्ये जोडा. जोडल्यावर पुन्हा थोडं थांबा, नाहीतर जागे झालेले कंट्रोल युनिट खोटा आकडा दाखवतात. मीटर जोडलेला असताना इंजिन चालू करू नका, फ्यूज उडेल. कापलेली वायर सर्व्हिस सेंटरने पाहिली की इलेक्ट्रिकल बिघाडाची वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. ती वायर त्याच शोरूमच्या मागच्या शेडमध्ये कापली गेली असली तरी बिलावर सही तुमची असते.

मॅगव्हीलचं गणित वेगळंच. कंपनी खालच्या व्हेरिएंटला 15 इंची आणि वरच्याला 16 इंची चाक देते, पण टायरचा बाहेरचा घेर सारखाच ठेवते. उदाहरणार्थ 185/70 आर15 चा व्यास 640 मिलिमीटर, आणि 195/60 आर16 चाही तेवढाच. दुकानदार "रुंद टायर, रुबाबदार दिसतं" म्हणून 205/65 आर16 घालतो. त्याचा व्यास 673. पाच टक्के जास्त. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 84 ने पळते आणि खड्ड्यात पूर्ण वळवलेलं चाक फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतं. शिवाय स्टेपनी लोखंडीच राहते. तिला मॅगव्हीलचे नट चालतीलच असं नाही, तेव्हा मूळ नट डिकीत ठेवून घ्या.

छतावरच्या रेल दुहेरी टेपने चिकटवलेल्या होत्या. त्यांना दोर बांधू नका, एवढंच.

एक आडवळण: ज्यांच्या गाडीला बाजूच्या एअरबॅग आहेत त्यांनी जाड सीट कव्हर घालताना बाहेरच्या कडेची शिवण बघावी. तिथे उसवणारी शिवण किंवा मोकळी फट नसेल तर एअरबॅग कव्हरमध्ये अडकते.

हे सगळं आधी कळलं असतं का? कळलं असतं, दोन ठिकाणी. पहिलं, विम्याची पॉलिसी. ती डिलिव्हरीच्या आधीच मोबाइलवर येते. नव्या गाडीचा आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एक्स-शोरूमच्या 95 टक्के असतो. 8,20,000 च्या गाडीला तो 7,79,000 हवा. पॉलिसीवर 6,93,500 होता, म्हणजे 7,30,000 चे 95 टक्के. शेजारी व्हेरिएंटचं नावही छापलेलं होतं. त्याच पॉलिसीत ॲक्सेसरीच्या रकान्यात शून्य. म्हणजे 65,000 चं सामान गाडीत, आणि अपघातात त्याची भरपाई नाही. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, हेही त्या निमित्ताने लक्षात ठेवा.

दुसरं ठिकाण पासिंगच्या आधीचं. आता गाडीची नोंदणी डीलरकडूनच होते आणि ती रस्त्यावर येण्याआधी पाटी लागलेली असते. नाव आरसीवर चढलं की गाडी परत करणं जवळपास संपलं, कारण पुढचा घेणारा कागदावर दुसरा मालक ठरतो. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी चासी नंबर मागा. "यार्डात आहे, धूळ बसलीय, धुऊन दाखवतो," असं म्हणाले तर तशीच दाखवा म्हणावं. 17 अंकाक्षरी नंबर काचेखाली किंवा बॉडीवर कोरलेला वाचून घ्या आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या सर्व्हिस सेंटरवर तो सिस्टिमला टाकायला सांगा. व्हेरिएंट कोड समोर येतो. मागच्या दारावरच्या बॅजवर जाऊ नका, तो सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि 22 (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) यांवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. शेवटी टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे पक्कं बिल. त्यावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, चासी नंबर, 9 अधिक 9 टक्के जीएसटी, आणि गाडीखेरीज एकही ओळ नको. ॲक्सेसरीचं बिल वेगळं मागा, प्रत्येक वस्तूच्या भावासकट.

माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर छपाईचा महिना बारीक अक्षरात असतो तोही वाचा. कंपन्या वर्षाच्या मध्यात एका व्हेरिएंटमधून वस्तू काढून दुसऱ्यात घालतात, आणि शोरूममध्ये जुनी पत्रकं पडून असतात.

ज्यांचं बजेट दहा लाखांच्या काठावर आहे त्यांना आणखी एक जागा निसरडी. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यावर वीस लाखांपर्यंत 12 टक्के कर आहे, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. 9,95,000 ला 1,09,450. 10,25,000 ला 1,23,000. "फक्त तीस हजार वर" म्हणून सुचवलेला व्हेरिएंट 43,550 ने महाग पडतो. शिवाय दहा लाख ओलांडले की 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर), इथे 10,250. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण काही शोरूम तो "सरकारी चार्ज" म्हणून सांगतात आणि लोक सोडून देतात.

त्या गिऱ्हाइकाने आरसी हातात आल्यावर शोरूम गाठलं. उत्तर तयार होतं: "तुम्हीच सही केलीय ना? यादी वाचूनच दिली होती." ॲक्सेसरीच्या यादीखाली "स्वखुशीने घेतले" असं छापलेलं होतं आणि खाली सही. गिऱ्हाइकाकडे काय होतं? व्हॉट्सॲपवर सेल्समनने पाठवलेलं माहितीपत्रकाचं पान, ज्यात तिसऱ्या व्हेरिएंटच्या रकान्याला लाल गोल केला होता, आणि त्याखाली "हीच बुक केली साहेब." हा एक संदेश सगळ्या सह्यांना पुरून उरतो. फोनवर बोलणं झालं तरी नंतर असा संदेश लिहून पाठवा: अमुक व्हेरिएंट, अमुक रंग, अमुक एक्स-शोरूम, बरोबर ना? "हो" आलं की झालं. त्या चॅटची प्रत काढून ठेवा, फोन बदलला की ती जाऊ शकते.

पुढची वाट अशी: आधी शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरीही ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क 200 रुपये आणि मुदत दोन वर्षांची. कंपनीला मेल गेल्यावर आठवड्याने शोरूमने हँडलिंगचे 12,000 आणि किटचे 12,000 परत केले, वाढीव वॉरंटी रद्द करून 14,400 ही दिले. ॲक्सेसरीच्या 65,000 वर मात्र ते अडून बसले. तेवढ्याचीच तक्रार आयोगात जायची आहे, लाल गोलाच्या त्या फोटोसकट.