ब्रसेल्सची लॉबी-नोंदवही: गोव्यातून वापरणाऱ्यांसाठी परीक्षण

पणजीच्या किंवा म्हापशाच्या पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीचा धूर किती गडद आहे ते बघतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथं कुणी मोजत नाही. तो किती सुटला तर चालेल हे गाडीच्या मॉडेलला मंजुरी मिळतानाच ठरतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम आणि पेट्रोलला ६० अशी मर्यादा आहे. हे आकडे सरळ युरो-६ मधून घेतलेले आहेत. म्हणून युरोपात वाहन कंपन्या नियम कसा सैल करून घेतात, हे फोंड्याच्या तिस्कावर रोज धूर गिळणाऱ्यानंही बघायला हवं.

ते बघायची सोय युरोपीय संघानं केलेली आहे आणि ती फुकट आहे. इथं तीन सेवांचं परीक्षण आहे: संघाची अधिकृत पारदर्शकता नोंदवही (लॉबिंग करणाऱ्या कंपन्या-संघटनांची), तिच्यावर उभी असलेली लॉबीफॅक्ट्स ही वेबसाइट, आणि कागदपत्रं मागण्याची पद्धत. आमचं मत आधीच सांगतो. नोंदवही चांगली आहे, पण नुसत्या तिच्यावर बातमी लिहू नका. कोण येतं आणि किती खर्च करतं एवढंच ती सांगते. त्यांनी नेमकं काय मागितलं ते कागदपत्रांतच सापडतं.

नोंदवही २०११ मध्ये युरोपीय संसद आणि आयोगानं मिळून सुरू केली. २०२१ च्या करारानं मंत्र्यांची परिषदही तीत आली. नोंद नसेल तर आयुक्त किंवा त्यांच्या कार्यालयातले सल्लागार भेट देत नाहीत, हा तिचा मुख्य जोर. एखादी नोंद उघडल्यावर सगळ्यात वरचा खर्चाचा आकडा बघून थांबू नये. आधी वर्ष बघा, कारण तो बहुतेकदा संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. मग माणसांचा तक्ता. तिथं प्रत्येकाचा किती टक्के वेळ लॉबिंगला जातो ते लिहिलेलं असतं, आणि पूर्णवेळ माणसांची संख्या त्यावरून निघते. वीस माणसं प्रत्येकी २५ टक्के वेळ देत असतील तर नोंद पाचची होते. दोन संघटनांची तुलना करताना एकीची डोकी आणि दुसरीचे पूर्णवेळ आकडे घेतले की सगळा हिशेब चुकतो. त्याखाली संसदेत ये-जा करायचे पास कुणाकडे आहेत ती नावं, आणि कोणत्या कायद्यांवर काम चालू आहे त्याची यादी. ही यादी सगळ्यात कामाची. ‘युरो-७’ (गाड्यांच्या धुराचा युरो-६ नंतरचा नियम) किंवा ‘रीच’ (रसायनांचा कायदा) लिहिलेलं दिसलं की पुढचा शोध तिथून सुरू करायचा.

एकाच कंपनीचा आवाज चार दारांनी आत जातो, हेही लक्षात ठेवायला हवं. जर्मन मोटार कंपनी स्वतःच्या नावानं नोंदलेली असते, युरोपभरच्या वाहन उत्पादकांच्या एसीईए या संघटनेत असते, जर्मनीच्या व्हीडीए या वाहन संघटनेत असते, आणि शिवाय एखादी सल्लागार फर्म तिच्यासाठी काम करत असते. म्हणून कंपनीचं नाव सल्लागार फर्मांच्या ग्राहकयादीतही शोधा. रसायनांत तेच: बीएएसएफ ही कंपनी स्वतः, वर सेफिक ही युरोपीय संघटना, बाजूला जर्मनीची संघटना व्हीसीआय. चारही आकड्यांची बेरीज मात्र करू नका. सदस्य-वर्गणी दोन्हीकडे धरली जाऊ शकते.

नोंदवहीचे दोष ठळक आहेत. खर्च ज्याचा तोच सांगतो आणि तोही पट्ट्यांत. दहा लाख युरोच्या आत एक लाखाची पट्टी असली तर त्या पट्टीच्या तळाला आहे की टोकाला, हे कळत नाही. हिशेब तपासून सही करणारा लेखापरीक्षक नसतो. जुनी नोंद बदलली की आधीचा आकडा पानावरून जातो, आणि इथं लॉबीफॅक्ट्स उपयोगी पडते. कॉर्पोरेट युरोप ऑब्झर्व्हेटरी आणि लॉबीकंट्रोल या दोन संस्था ती चालवतात. २०१२ पासूनच्या नोंदी तिच्यात साठवलेल्या आहेत, खर्चाचा आलेख दिसतो आणि आयोगाच्या वरिष्ठांशी झालेल्या बैठका त्याच पानावर येतात. मोबाइलवर आलेख नीट बसत नाही, संगणकावरच बघा. रोजच्या कामाला आम्ही अधिकृत नोंदवहीपेक्षा हीच सुचवू. बातमीत आकडा छापायच्या आधी मात्र मूळ नोंद उघडून जुळवून घ्या.

बैठकांची यादी डिसेंबर २०१४ पासून आहे: आयुक्त, त्यांचे सल्लागार आणि महासंचालक. १ जानेवारी २०२५ पासून व्यवस्थापकीय पदांवरचे बाकी अधिकारीही तीत आले. हा बदल मोठा, कारण मसुद्याचे आकडे खालच्या टेबलावर लिहिले जातात. पण युरो-७ ची लढाई त्याआधीच संपली होती. त्या काळासाठी यादीत तारीख, नावं आणि विषयाच्या रकान्यात एखाद-दुसरा शब्द, एवढंच हाती लागतं.

त्या लढाईत काय झालं ते पाहिलं की कागद का मागायचे ते कळतं. आयोगानं १० नोव्हेंबर २०२२ ला प्रस्ताव मांडला: पेट्रोल असो वा डिझेल, सगळ्या मोटारींना ६० मिलिग्रॅम, आणि सुरुवात जुलै २०२५ पासून. आयोगाच्या मते एका मोटारीमागे १८० ते ४५० युरो खर्च वाढणार होता. मे २०२३ मध्ये एसीईएनं फ्रंटियर इकॉनॉमिक्स या सल्लागार फर्मकडून करून घेतलेला अभ्यास पुढे आणला आणि सुमारे २,००० युरोचा आकडा सांगितला. त्याच महिन्यात फ्रान्स, इटली, चेकियासह आठ देशांनी प्रस्तावाला विरोध करणारं पत्रक काढलं. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात मोटारींच्या धुराच्या मर्यादा युरो-६ च्याच राहिल्या, डिझेलला तेच ८०. नव्या मॉडेलना तो २९ नोव्हेंबर २०२६ पासून लागू. नवं जे टिकलं तेही कमी महत्त्वाचं नाही: ब्रेकच्या भुकटीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण विजेच्या गाडीला ३, दहा नॅनोमीटरपर्यंतच्या कणांची मोजणी, आणि बॅटरीनं आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरनंतर ७२ टक्के क्षमता राखायची अट. पण धुराची कडक मर्यादा गेली, आणि दम्याच्या माणसाला तीच लागत होती.

याच्याही आधीचं उदाहरण २०१५ चं. धुराच्या चाचणीतली फोक्सवॅगनची लबाडी सप्टेंबरात उघड झाली. २८ ऑक्टोबरला सदस्य देशांच्या तांत्रिक समितीनं रस्त्यावरच्या चाचणीसाठी २.१ चा गुणक मान्य केला. ८० गुणिले २.१ म्हणजे १६८ मिलिग्रॅम. कायद्यातली मर्यादा तशीच आणि रस्त्यावर दुपटीहून जास्त मोकळीक. संसदेत त्याला आडवायचा ठराव फेब्रुवारी २०१६ मध्ये थोडक्या मतांनी पडला. असे गुणक, परिशिष्टं, मोजणीच्या अटी याच जागी शोधा. मथळ्यातला आकडा क्वचितच हलतो.

आता तिसरी सेवा. नियम १०४९/२००१ खाली आयोगाकडे ईमेल, इतिवृत्तं, सादरीकरणं मागता येतात. शुल्क नाही. उत्तर कामाच्या १५ दिवसांत यायला हवं, आणखी १५ दिवस वाढवता येतं. आपल्या माहिती हक्काच्या ३० दिवसांची सवय असलेल्याला मुदत ओळखीची वाटेल. अर्जात चार गोष्टी असू द्या: कोणता विभाग (युरो-७ आणि रीचसाठी बहुतेकदा उद्योगाचं महासंचालनालय ‘ग्रो’), कोणती संघटना, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या प्रकारची कागदपत्रं. ‘युरो-७ संबंधी सगळं द्या’ असं लिहिलं की अर्ज अवाढव्य ठरवून तो लहान करायची बोलणी सुरू होतात आणि आठवडे जातात. तीन ते सहा महिन्यांचा तुकडा मागावा. आधीच्या कागदावर ‘एरेस’ क्रमांक (आयोगाच्या दप्तरातला नोंद-क्रमांक) असेल तर तो द्या, शोध लगेच लागतो.

मिळालेल्या कागदांत नावं काळी केलेली असतात, तिकडे वेळ घालवू नका. पण ‘व्यापारी हितसंबंध’ म्हणून पानंच्या पानं झाकली असतील तर कामाच्या १५ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करा. मुदतीत उत्तरच आलं नाही तर तो नकार समजून हाच अर्ज करता येतो. संघटनेनं पाठवलेला कागद असेल तर आयोग आधी तिलाच विचारतो, उशिराचं मुख्य कारण हे असतं.

गोव्याला इथं एक वेगळी सोय आहे. कागद मागण्याचा हक्क कायद्यानं संघाच्या नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना आहे. आयोग इतरांचे अर्जही घेतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर सुरुवात करायला हरकत नाही. पण आयोगाविरुद्ध युरोपीय लोकपालाकडे तक्रार फक्त नागरिक किंवा रहिवासीच करू शकतो. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली माणसं सासष्टीपासून बार्देशपर्यंत घराघरांत आहेत. अर्ज त्यांच्या नावानं, त्यांच्या संमतीनं गेला तर शेवटचं दारही उघडं राहतं. अर्ज संघाच्या २४ भाषांपैकी कोणत्याही भाषेत चालतो आणि पोर्तुगीज त्यांतली एक आहे. पोर्तुगीज काळातल्या लिसेव शाळेत शिकलेले एखादे आजोबा घरी असतील तर मसुदा त्यांच्याकडून तपासून घ्या.

या तिन्ही सेवांना न दिसणारा भाग मोठा आहे: देशांच्या राजधान्या. २०१३ मध्ये जर्मनी कार्बन डायऑक्साइडच्या ९५ ग्रॅमच्या मर्यादेला अडवत होतं, त्याच सुमारास बीएमडब्ल्यूच्या क्वांट कुटुंबानं मर्केल यांच्या पक्षाला ६,९०,००० युरो दिले. ते कळलं जर्मन संसदेनं देणग्या जाहीर केल्यामुळे, ब्रसेल्सच्या नोंदवहीतून नव्हे. म्हणून जर्मनीची १ जानेवारी २०२२ पासूनची स्वतंत्र लॉबी-नोंदवहीही सोबत उघडी ठेवा.

रसायनांकडे बघणाऱ्यांनी हेलसिंकीच्या रसायन संस्थेची वेबसाइट जोडीला घ्यावी. पीएफएएस या दहा हजारांहून जास्त रसायनांवरच्या बंदीच्या प्रस्तावावर २०२३ मध्ये ५,६०० हून जास्त अभिप्राय आले. कोणत्या कंपनीनं कोणत्या वापरासाठी सूट मागितली ते त्यांत कंपनीच्याच शब्दांत वाचता येतं. वेर्ण्याहून मध्यवर्ती रसायनं (औषध बनवताना मधल्या टप्प्यात लागणारी) पाठवणाऱ्यांनी तर हे वाचावंच. औषधातल्या वापराला रीचच्या नोंदणीतून सूट आहे, ती मध्यवर्ती रसायनाला आपोआप लागू होत नाही. आयोगाच्या नव्या मसुद्यांवर गोव्यातूनही अभिप्राय देता येतो: ४,००० अक्षरं आणि एक जोड-फाइल. दुय्यम नियमांच्या मसुद्याला मुदत फक्त चार आठवड्यांची असते, आणि २.१ सारखे गुणक अशाच नियमांत ठरतात. त्यामुळे विषयाची ईमेल-सूचना आधीच लावून ठेवा.